ढगाच्या बीजाचा हिशेब

हवेत तरंगणारे कण दोन वाटांनी येतात. काही आयते येतात. रस्त्यावरची धूळ, चुलीतली काजळी, समुद्राच्या फेसातून उडालेले मीठ, फुलातले पराग. दुसरे हवेतच जन्माला येतात. कालपर्यंत जिथे फक्त वायू होता तिथे काही रेणू एकमेकांना चिकटतात, गाठ बांधतात, ती गाठ वाढते आणि एक-दोन दिवसांत ढगातल्या थेंबाला आधार देण्याइतकी मोठी होते. या दुसऱ्या वाटेबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिले गेले आहे. प्रदूषणावरची चर्चा धूळ आणि धूर यांच्यापुढे सहसा जात नाही. पण एका ठोकळ अंदाजानुसार जगभरच्या ढगांतल्या थेंबांची जवळपास निम्मी बीजे अशी हवेतच जन्मलेली असतात. हा अंदाज कोणी कण मोजून काढलेला नाही. तो संगणकावरच्या प्रारूपांतून आला आहे. ही प्रारूपे काय करतात, त्यांच्यावर किती भिस्त ठेवावी आणि आपल्या वीजकेंद्रांच्या धुराड्यांशी त्यांचा काय संबंध, हे सांगण्यासाठी हा लेख.

माझी या विषयातली पात्रता आधीच सांगून टाकतो. पदवी वाणिज्य शाखेची, पोटापाण्याचे काम हिशेब तपासण्याचे. ढगांचे भौतिकशास्त्र मी चाळिशीनंतर जुन्या पाठ्यपुस्तकांतून आणि खुल्या शोधनिबंधांतून शिकत गेलो. पुढे पायथन शिकून लहानसहान प्रारूपे घरच्या संगणकावर चालवू लागलो. हिशेबनिसाच्या नजरेला या शास्त्रात एक ओळखीची गोष्ट दिसली. इथेही सगळा खेळ जमाखर्चाचाच आहे.

बीजाशिवाय थेंब नाही

1875 साली कुलिए या फ्रेंच रसायनज्ञाने एक साधा प्रयोग केला. काचेच्या बाटलीत थोडे पाणी घेऊन आतल्या हवेचा दाब एकदम कमी केला की धुके दिसते. पण हीच हवा कापसातून गाळून घेतली तर धुके धरतच नाही. काही वर्षांनी स्कॉटलंडमध्ये जॉन एटकिन याने स्वतंत्रपणे हेच शोधले आणि पुष्कळ पुढे नेले. एटकिन (1839–1919) जहाजांच्या यंत्रांचा अभियंता होण्यासाठी शिकला होता. प्रकृतीमुळे तो धंदा सुटला, मग फॉल्कर्कच्या घरातच त्याने प्रयोगशाळा थाटली. विद्यापीठात त्याला कधी नोकरी नव्हती. 1880 च्या दशकाच्या अखेरीस त्याने कण मोजण्याचे उपकरण बनवले. हवेचा लहानसा नमुना दमट करून प्रसरण पावू द्यायचा, प्रत्येक कणाभोवती एक थेंब धरतो, ते थेंब रेघा आखलेल्या तबकडीवर पडतात, मग भिंगातून मोजायचे. आजची कण मोजणारी महागडी यंत्रे याच तत्त्वावर चालतात.

लहान थेंबाचा पृष्ठभाग फार वाकलेला असतो. अशा पृष्ठभागावरून रेणू सहज निसटतात, त्यामुळे थेंब टिकवायचा तर भोवतीची हवा बाष्पाने नुसती भरलेली असून भागत नाही, ती अतिसंपृक्त असावी लागते. लॉर्ड केल्विनच्या समीकरणात आकडे घातले की हे स्वच्छ दिसते. शुद्ध पाण्याचा थेंब 100 नॅनोमीटर व्यासाचा असेल तर सापेक्ष आर्द्रता सुमारे 102 टक्के लागते. 10 नॅनोमीटरला सुमारे 123 टक्के आणि 2 नॅनोमीटरला जवळजवळ 290 टक्के. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) स्कॉटलंडच्याच सी. टी. आर. विल्सनने गाळलेल्या हवेत निव्वळ बाष्पापासून दाट धुके धरायला किती अतिसंपृक्तता लागते ते तपासले. उत्तर आले सुमारे आठपट. खऱ्या ढगात मात्र आर्द्रता 101 टक्क्यांच्या वर क्वचितच जाते. तेव्हा आकाशातल्या प्रत्येक पाणथेंबाच्या पोटी एक बीज असलेच पाहिजे. हे बीज साधारण 50 ते 100 नॅनोमीटरचे आणि शक्यतो पाण्यात विरघळणारे असले म्हणजे काम भागते.

म्हणजे प्रश्न उरतो तो नवजात कणाचा. एक नॅनोमीटरची गाठ 50 नॅनोमीटरपर्यंत पोचते कशी?

तीन खाती

प्रारूपकार हा प्रवास तीन खात्यांत मांडतात.

पहिले खाते जन्माचे. भर दुपारी सूर्यप्रकाशाने सुरू झालेल्या रासायनिक साखळीत गंधकाच्या डायऑक्साइडचे सल्फ्युरिक आम्ल होते. हवेच्या एका घनसेंटिमीटरमध्ये सुमारे अडीच कोटी कोटी लाख रेणू असतात, म्हणजे 25 वर अठरा शून्ये. त्यांत सल्फ्युरिक आम्लाचे रेणू असतात दहा लाख ते एक कोटी. समुद्रात मूठभर मीठ टाकावे तशी ही गोष्ट. तरी ते एकमेकांना गाठतात. दोन-तीन रेणूंची गाठ बहुधा लगेच सुटते. एका ठरावीक आकारापुढे गेली तर मात्र ती सुटण्यापेक्षा वाढण्याची शक्यता जास्त होते. हा उंबरठा ओलांडणे म्हणजे कणाचा जन्म.

दुसरे खाते वाढीचे. भोवतीचे आम्ल, अमोनिया आणि झाडांतून निघणाऱ्या सुगंधी वायूंची प्राणवायूशी संयोग होऊन झालेली जड रूपे कणावर बसत जातात. वाढीचा वेग ठिकठिकाणी बदलतो, पण तासाला एक ते दहा नॅनोमीटर हा नेहमीचा.

तिसरे खाते नाशाचे, आणि हेच सर्वांत निष्ठुर. लहान कण वेगाने इकडेतिकडे भटकतो आणि एखाद्या मोठ्या कणावर आदळला की त्याचा स्वतंत्र जीव संपतो. कणांच्या या टक्करींचे गणित पोलिश भौतिकशास्त्रज्ञ मारियान स्मोलुखोव्स्की याने 1916 मध्ये मांडले. पुढच्याच वर्षी तो वारला, पण आज जगातले प्रत्येक कणप्रारूप त्याच्या समीकरणावर उभे आहे.

हे समीकरण घरच्या संगणकावरही चालते. सगळे कण एकाच आकाराचे धरले आणि टक्करींचा नेहमीचा गुणांक घेतला तर असे उत्तर येते: एका घनसेंटिमीटरमध्ये दहा लाख कण असतील तर साधारण 33 मिनिटांत निम्मे उरतात. दहा हजार असतील तर निम्मे व्हायला 55 तास लागतात. शंभरच असतील तर सात महिन्यांहून जास्त. उदबत्तीच्या काडीजवळचा बारीक निळसर धूर खोलीत पसरता पसरता पांढुरका का होतो याचे एक कारण यात आहे. दाटीत कण भराभर एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि मोठा कण प्रकाश वेगळ्या तऱ्हेने विखुरतो.

जन्म, वाढ आणि नाश ही तिन्ही खाती एकाच वेळी चालू असतात आणि प्रत्येकाचा आकडा दुसऱ्यावर अवलंबून असतो. म्हणून हा हिशेब कागदावर सुटत नाही, संगणक लागतो.

चाळण्यांची उतरंड

संगणकापुढची पहिली अडचण आकारमानाची. एक नॅनोमीटरपासून दहा मायक्रोमीटरपर्यंतचे कण हिशेबात धरायचे. व्यासात हा फरक दहा हजार पटींचा आहे. लहान कण मोहरीएवढा मानला तर मोठा कण पाच-सहा मजली इमारतीएवढा. आकारमानात हाच फरक एक लाख कोटी पटींचा होतो. प्रत्येक कणाची नोंद ठेवणे अशक्य, म्हणून गट पाडावे लागतात.

एक पद्धत चाळण्यांची. लहानमोठ्या छिद्रांच्या चाळण्या एकावर एक रचाव्यात तसे आकारांचे वीस, चाळीस किंवा शंभर कप्पे करायचे आणि दर काही सेकंदांनी कोणत्या कप्प्यातून किती कण वरच्या कप्प्यात गेले ते मांडायचे. दुसरी पद्धत घंटेच्या आकाराच्या वक्रांची. अगदी बारीक, मध्यम आणि जाड असे चार-सात गट धरायचे आणि प्रत्येक गटाची फक्त संख्या, वस्तुमान आणि पसारा सांभाळायचा. पहिली पद्धत तपशिलाची पण खर्चिक, दुसरी स्वस्त पण ठोकळ. संपूर्ण पृथ्वीची शंभर वर्षे चालवायची असतील तर बहुतेक जण दुसरी घेतात.

चाळण्यांच्या पद्धतीत एक गंमतीचा धोका आहे. कप्प्यात शिरलेला कण कप्प्यात नेमका कुठे आहे हे संगणकाला ठाऊक नसते. तळाशी नुकताच आलेला कणही तो कप्पाभर पसरलेला धरतो आणि त्यातला काही वाटा लगेच वरच्या कप्प्यात ढकलतो. कप्पे थोडे असतील तर काही कण खऱ्या निसर्गात पोचणार नाहीत इतक्या लवकर मोठे होतात. मी हाच प्रसंग एकदा वीस आणि एकदा दोनशे कप्प्यांनी चालवून पाहतो, तेव्हा वीस कप्प्यांच्या आलेखात कणांची रांग पुसट होऊन पुढे पळालेली दिसते. भौतिकशास्त्र दोन्हीकडे तेच. फरक फक्त हिशेबाच्या वहीतल्या रकान्यांचा. प्रारूपाचे उत्तर वाचताना, त्यात निसर्ग किती आणि वहीची रचना किती, हे विचारायची सवय मला इथून लागली.

दुसरी अडचण जागेची. जागतिक प्रारूपात वातावरणाचे चौकोनी खण करतात आणि एकेका खणाची बाजू बहुधा शंभर किलोमीटरच्या आसपास असते. अशा जाळीत मुंबई एका खणात आणि पुणे शेजारच्या खणात येते. मधला घाट सपाट होतो. एका धुराड्याचा धूर सबंध खणात सारखा कालवला जातो. खऱ्या धुराच्या लोटात कण दाटीने असतात, टक्करी जास्त होतात. कालवलेल्या धुरात त्या कमी दिसतात. हा फरक भरून काढायला प्रारूपकार अंदाजी गुणक वापरतात आणि तो गुणक कोणता यावर निष्कर्ष हलतो.

जंगल आणि पोलादी पिंप

निरीक्षणांशिवाय या साऱ्याला अर्थ नाही. फिनलंडमधल्या ह्यूटियाला इथल्या पाइनच्या जंगलात 1996 पासून कणांचे आकार अहोरात्र मोजले जातात. मार्कू कुल्माला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही नोंद चालू ठेवली. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर आकार घेऊन आलेख काढला की दुपारी तळाशी उगवलेला कणांचा पट्टा संध्याकाळपर्यंत वर वळत जातो. दिसायला अगदी केळ्यासारखा, आणि शास्त्रज्ञही त्याला केळेच म्हणतात. प्रारूपाची परीक्षा म्हणजे त्याला हे केळे काढता येते की नाही.

बरीच वर्षे ते जमत नव्हते. केवळ सल्फ्युरिक आम्ल आणि पाणी यांच्यावर उभारलेल्या सिद्धान्ताने जमिनीलगत जितके कण जन्मायला हवेत त्याहून प्रत्यक्षात कितीतरी जास्त जन्मत होते. याचा छडा लावायला जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत क्लाउड नावाचा प्रयोग 2009 पासून चालू झाला. 26 घनमीटरचे अतिशय स्वच्छ पोलादी पिंप, त्यात मोजूनमापून सोडलेले वायू, आणि अंतराळातून येणाऱ्या किरणांच्या जागी प्रवेगकातला कणझोत. 2011 मध्ये त्यांचे पहिले मोठे निष्कर्ष आले. आम्लाला अमोनियाची जोड दिली तरी जमिनीलगतचा जन्मदर निरीक्षणांच्या दहाव्या ते हजाराव्या भागाइतकाच भरत होता. 2013 मध्ये कळले की अमाइन नावाचे वायू, जे गोठ्यांतून आणि सडणाऱ्या माशांतून येतात, लाख कोटी रेणूंत केवळ तीन-चार असले तरी जन्मदर हजारपट वाढतो. 2016 मध्ये त्याहून मोठी गोष्ट दिसली. पाइनच्या झाडांतून येणाऱ्या वायूंपासून सल्फ्युरिक आम्लाच्या मदतीवाचूनही कण जन्मू शकतात.

याचा अर्थ दूरवर जातो. कारखाने नव्हते तेव्हाही जंगले स्वतःच्या ढगांची बीजे तयार करत होती. म्हणजे त्या काळचे आकाश आपण मानत होतो तितके बीजहीन नव्हते, आणि प्रदूषणाने ढगांत घातलेली भर आपल्या अंदाजापेक्षा कमी असणार.

भर महत्त्वाची का, तर ढगातले पाणी तेवढेच ठेवून बीजे वाढवली तर थेंब लहान आणि पुष्कळ होतात, ढग अधिक पांढरा होतो आणि जास्त ऊन परत पाठवतो. शॉन टूमी याने 1974 मध्ये हे मांडले. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या 2021 च्या अहवालात 1750 ते 2019 या काळाचा ताळेबंद दिला आहे. कार्बन डायऑक्साइडने दर चौरस मीटरला 2.16 वॅटची तापवणारी भर घातली. हवेतल्या कणांनी 1.1 वॅट वजा केले. पण ही वजाबाकी 0.4 पासून 1.7 पर्यंत काहीही असू शकते. कुठल्याही ताळेबंदात एका रकमेपुढे इतकी मोठी शंका असेल तर तपासनीस सही करताना थबकेल. खाली जगाच्या तापमानवाढीचा जो आकडा येतो त्यातली बरीच अनिश्चितता या एका रकमेतून येते.

प्रारूपांवर अजिबात विश्वास ठेवू नये असे मात्र नाही. जून 1991 मध्ये फिलिपाइन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला आणि दीड-दोन कोटी टन गंधकाचा डायऑक्साइड उंच वातावरणात गेला. नासातल्या जेम्स हॅन्सन यांच्या गटाने 1992 च्या सुरुवातीलाच पृथ्वी साधारण अर्धा अंश सेल्सियस थंड होईल असे प्रसिद्ध केले, आणि तसेच घडले. तिथे उंची जास्त, ढग नाहीत, कणांचा प्रकार एकच. हिशेब जिथे सोपा तिथे प्रारूप चोख उतरते. आपल्या डोक्यावरच्या आभाळात तो सोपा नाही.

मळकट हवेतले कोडे

आता आपल्याकडे येऊ. नवजात कणाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे आधीपासून असलेले मोठे कण. दिल्ली, कानपूर किंवा कुठलेही मळकट शहर घेतले तर तिथे नवे कण जगूच नयेत असे जुने गणित सांगते. प्रत्यक्षात ते जन्मतात आणि वाढतातही. कानपूर आणि पुण्यातल्या मोजमापांत अशा घटना नोंदल्या गेल्या आहेत.

या कोड्याची तीन उत्तरे गेल्या काही वर्षांत पुढे आली. 2020 मध्ये क्लाउड गटाने दाखवले की तापमान पाच अंशांच्या खाली गेले की नायट्रिक आम्ल आणि अमोनिया काही नॅनोमीटरच्या कणांवर इतक्या झपाट्याने बसतात की धोक्याचा टप्पा कण मिनिटांत ओलांडतो. वाहनांचा धूर नायट्रिक आम्लाचा कच्चा माल पुरवतो, शेती आणि सांडपाणी अमोनिया. 2021 मध्ये आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात दिल्लीच्या हवेतल्या क्लोराइडकडे बोट दाखवले गेले. कचऱ्यात जळणारे प्लास्टिक आणि उद्योग यांतून येणारे हायड्रोक्लोरिक आम्ल अमोनियाशी मिळून कणांत जाते, तो कण पाणी ओढून फुगतो आणि धुके दाट होते. 2023 मध्ये आयआयटी कानपूरच्या गटाने दिल्लीत कणांची झपाट्याने वाढ रात्री होते असे दाखवले. ऊन नसताना, काडीकचरा आणि लाकूड जळून निघालेल्या वायूंच्या जोरावर, हवा थंड होताच.

फिनलंडच्या जंगलात घडवलेली प्रारूपे दिल्लीवर जशीच्या तशी लावली तर ही तिन्ही वाढीची कारणे निसटतात. आपल्या हवेचा हिशेब आपल्याच हवेत मोजून करावा लागतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा उभारली त्याचे मोल या दृष्टीने फार आहे. तिथे पावसाळ्यात ढग दारातून आत येतो, विमान लागत नाही.

धुराड्यापासून फुप्फुसापर्यंत

या विषयात सामान्य नागरिकाचे काय अडकले आहे ते शेवटी सांगतो. कोळसा जाळणाऱ्या वीजकेंद्रांतून गंधकाचा डायऑक्साइड बाहेर पडतो. 2015 मध्ये केंद्र सरकारने त्यावर मर्यादा घातली आणि धुरातून गंधक काढणारी संयंत्रे बसवणे ओघाने आले. मुदती वाढत गेल्या. जुलै 2025 मध्ये बहुतांश केंद्रांना ही संयंत्रे बसवण्यातून सूट मिळाली. सुटीच्या बाजूने दिलेला एक युक्तिवाद असा, की बहुतेक ठिकाणी हवेतले या वायूचे प्रमाण मर्यादेतच आहे.

वायूपुरते बोलायचे तर हे विधान बरोबर असू शकते. पण वायू तिथे थांबत नाही. तासांत आणि दिवसांत त्याचे सल्फेट होते, ते कणांत जाते, आणि तोवर वाऱ्याने शेकडो किलोमीटर गेलेले असते. रसायनशास्त्राचा साधा हिशेब करा: 64 ग्रॅम वायूपासून 132 ग्रॅम अमोनियम सल्फेट होते. म्हणजे एक किलो वायूचे पूर्ण रूपांतर झाले तर दोन किलोंहून थोडे जास्त कण. विदर्भातल्या एखाद्या केंद्राच्या कुंपणापाशी वायू मोजून, खालच्या वाऱ्यावरच्या जिल्ह्यात किती कण श्वासात गेले याचे उत्तर मिळत नाही. ते उत्तर देणारे साधन एकच, आणि ते म्हणजे कणांच्या जन्माचे आणि वाढीचे प्रारूप. दवाखान्यातल्या रुग्णाच्या फुप्फुसातला कण कोणत्या धुराड्याचा, हे त्या कणावर लिहिलेले नसते.

दुसरी बाजूही मांडायला हवी. सल्फेट कण पृथ्वी थंड ठेवतात. 2020 पासून जगभरच्या जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची कमाल मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली आणि महासागरांवर जहाजांच्या मागे उमटणाऱ्या पांढऱ्या ढगरेषा विरळ झाल्या. हवा स्वच्छ होईल तसे झाकलेले तापमान थोडे वर येईल. काही जण यावरून गंधक राहू द्यावे असे म्हणू लागले आहेत. मला हा हिशेब मान्य नाही. कण आठवडाभरात पावसाने धुऊन जातो, कार्बन डायऑक्साइड शतके राहतो. आठवड्याची उसनवारी दाखवून शतकांचे कर्ज फिटत नाही, आणि दरम्यान श्वास घेणारा माणूस व्याज भरत राहतो.

आणखी एक गोष्ट आपल्या मोजमापांत सुधारता येण्यासारखी आहे. शहरांतले फलक पीएम 2.5 दाखवतात, म्हणजे अडीच मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांचे वजन. अडीच मायक्रोमीटरचा एक कण वजनाला शंभर नॅनोमीटरच्या 15,625 कणांइतका भरतो. वजनाच्या काट्यावर लहान कण दिसतच नाहीत. मोठी धूळ कमी केली की वजन उतरते, फलक हिरवा होतो, पण मोठ्या कणांची अडचण दूर झाल्याने नवजात कणांना जगायला मोकळीक मिळून त्यांची संख्या वाढूही शकते. म्हणून धूळ आणि तिच्याबरोबर वायू, दोन्ही कमी करावे लागतात, आणि वजनाबरोबर संख्याही मोजावी लागते. एटकिनने फॉल्कर्कच्या घरात भिंगाखाली थेंब मोजले त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी निदान एकेक संख्यामापक असावा, त्याच्या नोंदी सर्वांना खुल्या असाव्यात, आणि वीजकेंद्रांच्या निर्णयामागे जे प्रारूप वापरले गेले त्याचे कप्पे, खण आणि गुणक लोकांना तपासता यावेत. ज्या हिशेबावर माणसांचा श्वास अवलंबून आहे त्याची वही बंद कपाटात राहू नये.